पठारावर दिवसभर सायकल: मुंबईकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबईतल्या सायकलस्वारांच्या गप्पा बहुतेक वेळा घाटांभोवती फिरतात. बोरघाट किती वेळात चढला, कसारा कुणी न थांबता केला, माळशेजला धुकं होतं का. पठारावरच्या मोकळ्या मुलुखात सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत सायकल चालवण्याबद्दल फारसं कुणी सांगत नाही, आणि पहिल्यांदा जाणारे नेमके तिथेच गडबडतात. नवे लोक पुन्हा पुन्हा विचारतात ते प्रश्न इथे घेतले आहेत. बोलायला सोपं जावं म्हणून उदाहरणाला एकच मार्ग धरला आहे: सोलापूर ते दौंड.

सोलापूर ते दौंडच का?

रात्री मुंबईहून गाडीत झोपलं की सकाळी सोलापूर येतं. तिथून मोहोळ, टेंभुर्णी, इंदापूर, भिगवण आणि मग महामार्ग सोडून दौंड, असं साधारण पावणेदोनशे किलोमीटरचं अंतर होतं. भिगवणपर्यंत पुणे–सोलापूर राष्ट्रीय महामार्ग आहे, क्रमांक ६५, चौपदरी. वाटेत एकही घाट नाही. दौंड मोठं जंक्शन असल्यामुळे परतीच्या गाड्यांचा प्रश्न येत नाही. शिवाय हा रस्ता रेल्वेमार्गापासून फार लांब जात नाही, म्हणून मध्येच सोडावं लागलं तरी माणूस अडकून पडत नाही. पहिल्या लांब दिवसासाठी मला ही गोष्ट सगळ्यात मोलाची वाटते.

सगळा रस्ता सपाट, मग अवघड काय त्यात?

हा प्रश्न घाट चढून आलेली माणसं जास्त विचारतात, आणि दुपारी तीनच्या सुमारास त्यांनाच त्याचं उत्तर मिळतं.

घाटात चढ असतो तसा उतारही असतो. उतारावर पाय थांबतात, माणूस सीटवरून थोडा उठतो, पाठ सरळ करतो, हात मोकळे करतो. सपाटीवर यातलं काहीच आपोआप घडत नाही. पेडल मारायचं थांबवलं की सायकल लगेच मंदावते, त्यामुळे तासन्‌तास पाय फिरतच राहतात. शरीर एकाच ठेवणीत बसलेलं, सीटवरचा भार एकाच जागी, मनगटं एकाच कोनात. मांड्या दमायच्या आधी बूड, मान आणि तळहात कुरकुरायला लागतात.

दुसरं म्हणजे दख्खनचं पठार नकाशावर दिसतं तितकं सपाट नाही. नद्या-ओढ्यांच्या खोऱ्यांमुळे जमीन हळूहळू वर जाते आणि हळूहळू खाली येते. एक-दीड टक्क्याचा चढ डोळ्यांना कळत नाही, कारण आजूबाजूला तुलनेला झाड नसतं की इमारत नसते. रस्ता सपाट दिसतोय आणि वेग मात्र २४ वरून १९ वर आलाय, असं झालं की नवा माणूस घाबरतो. ब्रेक घासतोय का, टायरची हवा गेली का, मीच संपलो का. असं वाटलं तर एकदा मागे वळून बघा. आलेला रस्ता खाली उतरताना दिसेल. तेव्हा गिअर एक-दोन घरं हलका करा आणि पायांची गती तीच ठेवा. मिनिटाला ८० ते ९० फेरे, चढ असो वा नसो.

तिसरी अडचण वाऱ्याची. त्याला वेगळा प्रश्नच द्यायला हवा.

वारा एवढा महत्त्वाचा आहे का?

हो. मोकळ्या मुलुखात वाऱ्याला अडवणारं काही नसतं.

हिशेब साधा आहे. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, आणि तो वेग रस्त्याशी नव्हे, हवेशी मोजायचा. तुम्ही ताशी २० ने चालला आहात आणि समोरून ताशी १५ चा वारा आहे, म्हणजे अंगावर ताशी ३५ ची हवा येते. विरोध तिप्पट होतो. तोच वारा पाठीमागून असेल तर अंगावर फक्त ताशी ५ ची हवा उरते. तोच रस्ता, तीच सायकल, तेच पाय, पण दिवस पूर्ण वेगळा.

म्हणून या फेरीचं नियोजन वाऱ्यापासून सुरू करा. पावसाळ्यात, जून ते सप्टेंबर, पठारावर वारा पश्चिमेकडून जोरात वाहतो. तेव्हा सोलापूरहून दौंडकडे येणं म्हणजे दिवसभर तोंडावर वारा घेणं, म्हणून त्या दिवसांत उलट दिशेनं, दौंडहून सोलापूरला जावं. हिवाळ्यात वारा एकंदरीत हलका असतो आणि पूर्वेकडून किंवा ईशान्येकडून येतो. तेव्हा सोलापूरहून निघालेल्याला तो पाठीशी किंवा उजव्या कुशीला मिळतो. आदल्या रात्री हवामानाच्या ॲपवर वाऱ्याची दिशा बघाच. पावसाची शक्यता सगळे बघतात, वाऱ्याचा बाण फार थोडे बघतात.

वाऱ्याला दिवसाचंही एक वेळापत्रक असतं. पहाटे तो शांत असतो. जमीन तापली की वरची वेगवान हवा खाली मिसळायला लागते आणि दहा-अकरानंतर वारा उठतो, दुपारी सगळ्यात जास्त असतो, संध्याकाळी बसतो. त्यामुळे सकाळचे पहिले तीन-चार तास सोन्याचे. नाश्त्याला बसून ते घालवू नका.

समोरचा वारा लागलाच तर वेगाचा आकडा बघणं सोडा. कोपर वाकवून अंग खाली घ्या, गिअर हलका करा. गटात असाल तर एकामागे एक राहा आणि पुढचा माणूस दर पाच-दहा मिनिटांनी बदला. पुढच्याच्या मागे जवळ राहिलं की बरीच ताकद वाचते. पण हे अनोळखी माणसामागे करू नये, आणि ट्रॅक्टर-ट्रकमागे तर कधीच नाही.

कुठल्या महिन्यात जावं?

नोव्हेंबरचा दुसरा पंधरवडा ते फेब्रुवारीचा पहिला पंधरवडा. मार्चपासून ऊन चढतं, एप्रिल-मे मध्ये सोलापुरात पारा चाळिशी ओलांडतो. त्या दोन महिन्यांत हा विचारही करू नका.

आषाढी आणि कार्तिकीच्या आठवड्यात पंढरपूरकडे जाणारे सगळे रस्ते गजबजलेले असतात. सायकलवारी करणाऱ्यांची गोष्ट निराळी, ते त्याच गर्दीसाठी येतात. लांब पल्ल्याच्या पहिल्या दिवसाला ते दिवस टाळावेत.

मुंबईहून थेट सायकलनेच का नाही निघायचं?

निघता येतं, पण मग तो वेगळा प्रवास होतो. मुंबई ते पुणेच दीडशे किलोमीटरच्या आसपास आहे, वर बोरघाट. एक दिवस त्यातच जातो. आणि लक्षात ठेवा, मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावर सायकलला बंदी आहे, जुना महामार्गच घ्यावा लागतो. समृद्धी महामार्ग, अटल सेतू, वांद्रे–वरळी सागरी सेतू, हे सगळे सायकलला बंदच आहेत. माळावर ताज्या पायांनी पोहोचायचं असेल तर रेल्वे उत्तम.

रेल्वेनं सायकल कशी न्यायची?

दोन पद्धती आहेत. पहिली, सायकल लगेज म्हणून नोंदवून ब्रेकव्हॅनमध्ये, म्हणजे गाडीच्या सामानाच्या डब्यात, पाठवायची. सीएसएमटीच्या पार्सल-लगेज खिडकीवर तिकीट आणि ओळखपत्र घेऊन गाडीच्या किमान दोन तास आधी पोहोचा. पंप, दिवे, बाटल्या, मीटर, सीटखालची पिशवी, सगळं काढून स्वतःजवळ ठेवा. मागच्या डिरेल्युअरवर (गिअर बदलताना चेन सरकवणाऱ्या भागावर) पुठ्ठा बांधा, कारण बाकीच्या सामानाखाली तोच वाकतो. सायकलला नाव, गाडी क्रमांक आणि उतरायचं स्थानक लिहिलेला जाड कागद दोन ठिकाणी बांधा. पावतीचा फोटो काढून ठेवा. मग गाडी लागल्यावर स्वतः ब्रेकव्हॅनपाशी जाऊन सायकल चढलेली बघा. हमाल बांधवांशी दोन शब्द नीट बोललं की ते सायकल उभी ठेवतात, आडवी टाकत नाहीत. हा माझा नेहमीचा अनुभव आहे.

दुसरी पद्धत म्हणजे दोन्ही चाकं काढून सायकल पिशवीत भरायची आणि बर्थखाली किंवा डब्याच्या टोकाला ठेवायची. हे गर्दी नसलेल्या दिवशीच जमतं, आणि सहप्रवाशांची वाट अडत नाही ना हे आपण बघायचं.

परतीला दौंड निवडण्याचं आणखी एक कारण इथे आहे. लहान स्थानकांवर गाडी दोन मिनिटं थांबते, तेवढ्यात सायकल चढत नाही. जंक्शनला थांबा मोठा असतो.

किती वाजता निघायचं आणि किती वेळ लागेल?

डिसेंबर-जानेवारीत उजेड जेमतेम अकरा तास मिळतो. पावणेदोनशे किलोमीटर ताशी २१-२२ च्या वेगानं म्हणजे आठ तास निव्वळ पेडल. थांबे मिळून दोन तास धरा. रात्रीच्या सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं सकाळी सोलापुरात उतरून, सायकल ताब्यात घेऊन, सातला चाक फिरलं तर संध्याकाळी पाचला दौंड. गणित बसतं, पण त्यात एक मोठं पंक्चर किंवा उशिरा आलेली गाडी मावत नाही. जमत असेल तर आदल्या दिवशी जाऊन सोलापुरात लॉजवर झोपा आणि साडेपाचला पुढचा-मागचा दिवा लावून निघा. मिळालेला दीड तास थंडही असतो आणि बिनवाऱ्याचाही.

थांब्यांवर लक्ष ठेवा. पेडल मारताना कुणाचा फारसा वेळ जात नाही. वेळ जातो तो टपरीवर, फोटोत आणि 'अजून पाच मिनिटं' मध्ये.

मुंबईत राहून याचा सराव कसा करणार?

सराव अंतराचा आणि न थांबण्याचा, असा दोन्हींचा लागतो. मुंबईत आपण साठ किलोमीटर सायकल चालवतो तेव्हा त्यात तीस सिग्नल असतात, म्हणजे तीस विश्रांत्या. मरीन ड्राइव्ह ते वांद्रे आणि परत, कितीही वेळा केलं तरी माळाची तयारी होत नाही. त्यासाठी सिग्नल नसलेला पट्टा शोधावा लागतो. पश्चिम उपनगरातल्यांना घोडबंदरजवळचा खाडीपूल ओलांडून विरार फाट्यापासून मनोरकडे जाणारा महामार्ग सोयीचा. नवी मुंबईकरांना पहाटेचा पाम बीच रस्ता आहे, तिथे सिग्नल असले तरी पहाटे साडेचारला सलग लय सापडते. घरी ट्रेनर, म्हणजे सायकल जागेवरच चालवायचा स्टँड, असेल तर आठवड्यातून एकदा दीड तास पाय न थांबवता बसा. कंटाळवाणं आहे, पण माळाच्या सगळ्यात जवळचा सराव तोच.

अंतर आठवड्याला थोडं थोडं वाढवा: ६०, ८०, १००, मग १२०-१३०. सव्वाशे किलोमीटर करून संध्याकाळी घरी नीट जेवता आलं, झोप लागली, दुसऱ्या दिवशी गुडघा बोलला नाही, तर पावणेदोनशे होतील. पूर्ण अंतराचा सराव करायची गरज नाही. शेवटचा आठवडा आराम, फार तर एक-दोन हलक्या फेऱ्या.

सायकल कोणती लागते? माझ्याकडे साधी हायब्रिड आहे.

चालेल. हायब्रिडवर लोकांनी याहून मोठी अंतरं केली आहेत. फक्त सरळ हँडलला टोकाला शिंगं लावून घ्या, म्हणजे हात धरायच्या जागा बदलता येतील. टायर २८ ते ३५ मिलिमीटर रुंदीचे असावेत. जाड डोंगरी टायर असतील तर ते बदलाच, दिवसभर त्यांची घरघर ओढत नेणं शहाणपणाचं नाही. निघायच्या आठवडाभर आधी चेन, ब्रेक पॅड आणि मागचा टायर बघून घ्या. नवं सीट, नवे शूज, नवी शॉर्ट्स त्या दिवशी पहिल्यांदा वापरू नका.

खायचं काय आणि केव्हा?

भूक लागायच्या आधी. शरीरातला साखरेचा साठा दीड-दोन तासांच्या मेहनतीत बराच उतरतो, आणि एकदा तो संपला की पाय जड, डोकं सुन्न, चिडचिड. मग जेवलं तरी सावरायला अर्धा-पाऊण तास लागतो. तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं पोटात गेली पाहिजेत. एका मध्यम केळ्यात साधारण २५ ग्रॅम असतात. म्हणजे तासाला एक केळं आणि एखादा राजगिऱ्याचा लाडू, इतकं सोपं आहे ते. जर्सीच्या मागच्या खिशात चिक्की, खजूर, लाडू ठेवा आणि दर अर्ध्या तासानं घास घ्या. घड्याळात गजर लावला तरी चालेल.

महागड्या जेलच्या पुड्या मी नेत नाही, कारण या रस्त्यावर त्याहून चांगलं खाणं मिळतं. सोलापूरची शेंगापोळी बघा: शेंगदाण्याचा कूट आणि गूळ, कोरडी, खिशात चुरत नाही, चार दिवस टिकते. आदल्या दिवशी पोहोचलात तर अर्धा डझन बांधून घ्या. मोहोळच्या अलीकडे लांबोटीला मक्याचा चिवडा मिळतो. दिवसभराच्या घामानंतर गोड नकोसं होतं, तेव्हा तोच खाल्ला जातो. नाश्त्याला पोहे किंवा उप्पीट, तेल कमी. दुपारी टेंभुर्णी-इंदापूरच्या आसपास दही-भात किंवा पिठलं-भाकरी, पोट भरायच्या जरा आधी थांबायचं. ऊसाचा रस जागोजागी असतो. बर्फ न घालता घ्या.

भिगवणची मासळी प्रसिद्ध आहे आणि ते योग्यच आहे. उजनीच्या पाण्यातली ताजी मासळी, झणझणीत रस्सा. पण भिगवणनंतर अजून तीस-एक किलोमीटर बाकी असतात. थाळी खाऊन ते काढणं फार जड जातं. डबा बांधून घ्या आणि दौंडच्या फलाटावर बसून खा.

पाणी किती प्यायचं?

मुंबईकरांची इथे हमखास फसगत होते. आपल्याकडे दमट हवेत घाम टपकतो, कपडे भिजतात, म्हणून पाणी गेलेलं दिसतं. पठाराच्या कोरड्या हवेत घाम आला तसा उडून जातो. अंग कोरडं राहतं, छान वाटतं, आणि दुपारी डोकं दुखायला लागतं. जर्सीवर पांढरे पट्टे उमटले म्हणजे मीठ बाहेर पडलं आहे.

तासाला अर्धा ते पाऊण लिटर, घोटाघोटानं. पण नुसतं साधं पाणी दिवसभर ढोसणंही धोक्याचं, रक्तातलं मीठ पातळ होतं. एका बाटलीत साधं पाणी, दुसरीत ओआरएस, असं ठेवा. पुडी नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. लघवीचा रंग गडद पिवळा दिसला किंवा तीन-चार तासांत लघवीच झाली नाही तर सावलीत थांबा. मळमळ, थंडी वाजल्यासारखं होणं, बोलणं अडखळणं यातलं काही झालं तर फेरी तिथेच संपली असं समजा. अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि दवाखाना गाठा.

पंक्चरची तयारी किती?

भरपूर. पठारावर बाभळी आहेत, आणि बाभळीचा काटा टायरमधून सरळ आरपार जातो. त्यात महामार्गाच्या कडेला फुटलेल्या ट्रक-टायरच्या बारीक तारा पडलेल्या असतात, त्या दिसतही नाहीत. दोन ट्यूब, पॅच आणि सोल्युशन, टायर उचकटायचे दोन लिव्हर, चालता पंप, एवढं प्रत्येकाजवळ हवं, गटात एकाजवळ असून भागत नाही. ट्यूब बदलताना टायरच्या आतून बोट सावकाश फिरवून काटा शोधा. काटा तिथेच राहिला तर नवी ट्यूबही दहा मिनिटांत पंक्चर होते. रस्त्याकडेच्या पंक्चरवाल्यांकडे मोटारसायकलच्या व्हॉल्व्हचा पंप असतो. तुमच्या सायकलला बारीक व्हॉल्व्ह असेल तर पाच-पन्नास रुपयांचा पितळी अडॅप्टर जवळ ठेवा. विश्रांतीला सायकल झाडाला टेकवताना झाड बाभळीचं नाही ना, ते बघा.

महामार्गावर भीती कशाची?

वेगानं जाणाऱ्या गाड्यांपेक्षा मला उलट्या बाजूनं येणाऱ्या दुचाकींची जास्त काळजी वाटते. दुभाजकाचा फाटा लांब असल्यामुळे गावकरी कडेच्या पट्टीवरून समोरून येतात. अशा वेळी घाईनं उजवीकडे मधल्या लेनमध्ये जाऊ नका. वेग कमी करा, डावीकडे राहा, हात दाखवा, गरज पडली तर थांबा.

ऊसतोडणीचा हंगाम साधारण नोव्हेंबर ते मार्च, म्हणजे नेमका आपलाही हंगाम. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर आणि बैलगाड्या रस्त्यावर असतात. ट्रॉलीतून ऊस बाहेर आलेला असतो, अंधारात मागे दिवा नसतो. ओलांडताना भरपूर अंतर ठेवा आणि समोरचा रस्ता रिकामा दिसल्याशिवाय ओलांडू नका. त्या हाकणाऱ्या माणसांचा दिवस आपल्यापेक्षा कितीतरी मोठा आणि कष्टाचा असतो, त्यांना वाट द्यावी. भिगवण ते दौंड हा रस्ता महामार्गापेक्षा अरुंद आहे. तो उजेडात संपेल असं बघा.

हेल्मेट, मागचा लाल दिवा दिवसाही चालू, भडक रंगाची जर्सी. कानात गाणी नकोत. मागून येणारा आवाज हाच आपला आरसा.

बाई एकटी जाऊ शकते का?

जाऊ शकते, आणि जातात. तरी पहिल्या वेळी एखादी जोडीदार असावी असं मी सुचवेन, आणि हे पुरुषांनाही सांगते. अडचण येते ती स्वच्छतागृहाची. सावळेश्वर, वरवडे आणि सरडेवाडी इथल्या टोलनाक्यांवर, मोठ्या पेट्रोल पंपांवर आणि कुटुंबं थांबतात त्या हॉटेलांमध्ये सोय असते. स्वच्छतागृह मिळणार नाही म्हणून पाणी कमी पिणं हा सगळ्यात वाईट उपाय आहे. पाळीच्या दिवसांत जायचं असेल तर आधी सरावाच्या फेरीत काय सोसतं ते बघून घ्या. वाटेत चहाला थांबलं की बायका आपणहून येऊन चौकशी करतात, कुठून आलीस, घरी कोण असतं, एवढ्या लांब कशाला. त्या मायेनं विचारतात. दोन मिनिटं बसून उत्तर द्यावं.

घरच्यांना थेट लोकेशन पाठवून ठेवा आणि कुठल्या गावाहून फोन करणार ते ठरवा.

बूड दुखणं आणि हात बधिर होणं टाळता येतं का?

बऱ्याच अंशी. पॅडेड शॉर्ट्सच्या आत दुसरं काही घालू नका, शिवण घासते. घासणाऱ्या जागी व्हॅसलीन किंवा क्रीम आधीच लावा. सीटची उंची अशी हवी की पेडल खाली असताना गुडघा किंचित वाकलेला राहील. दर दहा मिनिटांनी पेडलवर उभं राहून वीस-तीस फेरे मारा, माळावर ही विश्रांती आपण स्वतःच घ्यायची असते. करंगळी आणि अनामिका बधिर होतात कारण तळहातातली नस दाबली जाते. हाताची जागा बदलत राहा, कोपर ताठ ठेवू नका.

दिवसभर एकच देखावा. कंटाळा येत नाही का?

मला हा प्रश्न ऐकला की त्या माणसाला लगेच बरोबर न्यावंसं वाटतं.

इमारतींनी कापलेलं आकाश बघायची आपल्याला सवय असते. माळावर क्षितिज चारी बाजूंनी दिसतं आणि डोळे सावकाश ते बघायला शिकतात. हिवाळ्यात शाळूची शेतं कणसांवर आलेली असतात. त्यांच्यावर भोरड्यांचे थवे उतरतात, हजारो पक्षी एकदम वळतात, ढगासारखे दाट होतात, पातळ होतात. गवताळ पट्ट्यावर एखादी भोवत्या पंख उंच धरून अगदी खालून तरंगत जाते. हे दोन्ही पक्षी थंडीचे पाहुणे आहेत. सोलापूरजवळ नान्नजला माळढोकाचं अभयारण्य आहे. माळढोक आता दिसेनासाच झाला आहे, आणि माळ म्हणजे पडीक जमीन असं समजून आपण त्याचं किती नुकसान केलं ते या रस्त्यावर जाणवतं. काळवीट मात्र नशिबात असेल तर शेताच्या कडेला दिसतं.

टेंभुर्णीनंतर भीमा ओलांडताना उजनी धरण जवळ असतं. १९८० मध्ये पूर्ण झालेल्या या धरणानं पुढच्या सगळ्या मुलुखाचं रूप बदललं. कोरडवाहू ज्वारी-बाजरीच्या जागी ऊस आला, आणि कित्येक गावं पाण्याखाली गेली. इंदापूर सोडल्यावर पळसदेव लागतं. तिथलं जुनं पळसनाथाचं मंदिर जलाशयात आहे, पाणी फार उतरलं की उघडं पडतं. पुढे भिगवणच्या परिसरात उजनीच्या फुगवट्यावर रोहित पक्षी येतात. ते नीट बघायचे तर कुंभारगावला होडीत बसावं लागतं, तेवढा वेळ या दिवशी नसतो. त्यासाठी वेगळं या.

मध्येच सोडावंसं वाटलं तर?

सोडा. मोहोळला स्थानक आहे. टेंभुर्णीपासून कुर्डुवाडी जंक्शन वीस-एक किलोमीटरवर आहे, टेम्पोवाले सायकल वर टाकून नेतात. भिगवणलाही स्थानक आहे. गुडघ्यात कळ, छातीत दुखणं, चक्कर यांपैकी काही असेल तर विचार करत बसू नका. नुसता कंटाळा किंवा हताशा असेल तर मात्र आधी खा, पाणी प्या, दहा मिनिटं सावलीत पडा आणि मग ठरवा. बहुतेकांची हताशा केळ्यानं जाते.

मधुमेह किंवा रक्तदाब असेल तर?

आधी डॉक्टरांशी बोला, आणि 'सायकल चालवतो' एवढंच न सांगता 'दहा तास चालवणार आहे' असं सांगा. औषधाच्या वेळा आणि मात्रा त्यावर बदलू शकतात. मधुमेह असलेल्यांनी साखर किंवा ग्लुकोज हाताशी येईल अशा खिशात ठेवावं आणि बरोबरच्याला तो खिसा दाखवून ठेवावा.

यानंतर बीआरएम करता येईल का?

हा दिवस नीट पार पडला तर नक्की. बीआरएम म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या सायकलफेऱ्या. बीआरएममध्ये २०० किलोमीटरला साडेतेरा तास मिळतात, ३०० ला २०, ४०० ला २७ आणि ६०० ला ४०. हे चारही एका हंगामात पूर्ण करणाऱ्याला सुपर रँडोनर म्हणतात. ही शर्यत नसते. पहिला-दुसरा कुणी नसतो, वेळेत पोहोचायचं, आपली सोय आपण बघायची. पॅरिसहून ब्रेस्टला जाऊन परत येण्याची १२०० किलोमीटरची प्रसिद्ध फेरी दर चार वर्षांनी होते, मागची २०२३ मध्ये झाली. तिथे जायचा रस्ता या २००, ३०० च्या फेऱ्यांमधूनच जातो. माझ्या मते बीआरएमच्या घड्याळात अडकण्याआधी असा एक दिवस आपल्या मनानं घालवावा, म्हणजे स्वतःची लय कळते.

दुसऱ्या दिवशी ऑफिसला जाता येईल?

येईल, पण शक्यतो शनिवारी जा आणि रविवार मोकळा ठेवा. दौंडला पोहोचल्यावर लगेच आडवे होऊ नका, फलाटावर दहा मिनिटं चाला. तासाभरात जेवा: भात-वरण, अंडी, दूध, जे सोसेल ते. गाडीत पाय थोडे उंच ठेवून झोपा. घरी आल्यावर सायकल धुवा, चेन पुसून तेल द्या, आणि टायरवर बोट फिरवून अडकलेले काटे काढा. ते तसेच राहिले तर मंगळवारी पहाटे खाली उतरल्यावर टायर बसलेला सापडतो.